खोताचीवाडी आणि घरची बरणी
(ज्युबिलीनिमित्त चामटोली येथें पॅरिशच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या पॅरिशमधील कांहीं मंडळी मुंबईस जाऊन गिरगांवांतील खोताचीवाडी पायीं फिरून आली. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या घरीं तान्हें मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांना येतां आलें नाहीं. त्यांच्यासाठीं मीं तीच सफर आज बसल्या जागीं पुन्हां घडवावी, अशी फादरांची आज्ञा झाली. मी इतिहासकार नव्हे. वाट दाखविण्याचें काम माझ्याकडे आलें तें एवढ्याचसाठीं कीं, माझी मावशी त्या वाडींत राहत असे आणि लहानपणापासून माझें तेथें जाणें-येणें होतें.

परंतु आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सफरीची सूचना देवळांत वाचून दाखविली, तींत "जुन्या ख्रिस्ती वस्तींतील द्राक्षारसाची परंपरा" असे शब्द होते. मिस्सा संपल्यावर एका भगिनीनें मला पायरीवर थांबविलें आणि म्हटलें, "मास्तर, दारूची परंपरा पाहायला मला मुंबईस कशाला जायला हवें? ती माझ्या घरांतच आहे." त्या पायरीवर मला उत्तर सुचलें नाहीं. आजचें भाषण हें तिला दिलेलें उशिराचें उत्तर आहे. तें पुरें पडेल अशी माझी खात्री नाहीं.

आतां वाटेविषयीं. चामटोलीहून बदलापूर स्थानक, तेथून लोकलनें दादर, दादरास गाडी बदलून चर्नीरोड. तेथें पूर्वेस उतरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्यानें चालूं लागलें म्हणजे संत तेरेजाचें देऊळ लागतें, आणि तेथून जवळच, दुकानांच्या रांगेंत सहज चुकेल अशी एक अरुंद गल्ली आंत वळते. पांच-पंचवीस पावलें आंत गेल्यावर रस्त्याचा गलबला मागें राहतो. लांकडी घरें, उतरतीं कौलारू छपरें, समोर ओसरी, वरच्या मजल्यास नक्षीदार कठड्याची गॅलरी, आणि घराच्या बाहेरून चढणारा जिना. आपल्यापैकीं एक मुलगा म्हणाला, "मास्तर, हें तर गांव आहे!" त्याचें बोलणें खोटें नव्हतें.

मुंबईंत 'वाडी' म्हटलें म्हणजे घरांची वस्ती असें आपण समजतों. मुळांत वाडी म्हणजे बाग, आणि या किनाऱ्यावर बाग म्हणजे बहुधा माडांची. पोर्तुगीज लोक बागेस 'ओर्ता' म्हणत. त्यावरूनच इंग्रजी अमदानींतील जुन्या दप्तरांत मुंबईच्या माडबागांना 'ओर्ट' असा शब्द पडला. कोटाबाहेरचें गिरगांव अशाच बागांनीं भरलेलें होतें. फणसवाडी, झावबावाडी, खोताचीवाडी, हीं नांवें त्या झाडांच्या मागें राहिलेल्या सांवल्याच होत. आपल्या वाडीचा खोत म्हणजे दादोबा वामन खोत नांवाचे पाठारे प्रभु गृहस्थ. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं आपल्या जमिनीचे तुकडे ख्रिस्ती कुटुंबांना विकले, असें सांगतात. एका हिंदु खोताच्या नांवाची ही ख्रिस्ती वस्ती. आणि तिच्यापासून हांकेच्या अंतरावर केशवजी नाईकांची चाळ, जेथें १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. शेजार कसा होता याची कल्पना यावरून करावी.

हीं ख्रिस्ती कुटुंबें कोण, हें आपणांस निराळें सांगावयास नको. वसई, साष्टी आणि मुंबई येथील मूळचे मराठी बोलणारे लोक; १५३४ सालीं वसई पोर्तुगिजांच्या हातीं गेल्यावर त्यांच्या पूर्वजांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. गोव्याहून व मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांपासून नोकरीच्या बाबतींत आपण वेगळे ओळखले जावें, हा हेतु होता. नांव साहेबी झालें. लग्नांतील उंबराचें पाणी आणि गाणीं मराठीच राहिलीं.

वाडीचा पहिला रस द्राक्षांचा नव्हता, माडाचा होता. भंडारी झाडावर चढे, पोयीस छेद देऊन मडकें बांधी, आणि पहाटे तें उतरवी. सूर्य उगवण्यापूर्वीं ती गोड नीरा. ऊन चढलें कीं माडी. आणखी कांहीं दिवस तशीच राहूं दिली तर सिरका. एकाच मडक्यांतील रसाचीं हीं तीन वयें. ख्रिस्ती स्वयंपाकघरास यांतील माडी व सिरका दोन्ही लागत. फुग्यांचें पीठ माडीनेंच फुगे, आणि सोरपोतेल सिरक्यावांचून होत नसे. म्हणजे ज्या पदार्थास आपण नुसती नशा समजतों तो त्या घरांत आधीं भाकरीसाठीं व कालवणासाठीं येई; पेला मागाहून.

द्राक्षांचा रस मात्र समुद्रावरून येई. कोंकणच्या पावसांत द्राक्षवेल टिकत नाहीं. त्यामुळें मिस्सेसाठीं लागणारा द्राक्षारस पोर्तुगालहून पिंपांतून गलबतानें आणावा लागे. इंग्रजांच्या काळांत मदेरा बेटावरचा रस फार नांवाजलेला होता. उन्हांतून व लाटांतून महिनेच्या महिने हेलकावत आलेला हा रस खराब न होतां उलट अधिक चांगला होतो, असें व्यापाऱ्यांना आढळून आलें होतें. केरळांतील संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांना तर द्राक्षारसाची इतकी टंचाई असे कीं, मनुका पाण्यांत भिजवून काढलेला रस ते वेदीवर वापरीत. १५९९ सालीं उदयंपेरूर येथें भरलेल्या धर्मसभेंत हा प्रश्न निघाला आणि पोर्तुगालच्या खऱ्या द्राक्षारसाचाच आग्रह धरण्यांत आला. हें मी अशासाठीं सांगतों कीं, आपल्या आज्यांनीं बरणींत मनुका भिजत घातल्या ती कांहीं साहेबाची नक्कल नव्हती. ज्या देशांत वेल नाहीं त्या देशांतील ख्रिस्ती माणसाची ती जुनी युक्ति आहे.

आतां बरणीकडे वळतों.

मावशीची बरणी चिनीमातीची होती, वर तपकिरी, खालीं पिवळट. नाताळ जवळ आला कीं ती उन्हांत कोरडी करावयाची. आंत पाण्याचा थेंब राहतां कामा नये. काळ्या मनुका धुऊन, पुसून, बारीक चिरावयाच्या. उकळून गार केलेलें पाणी, साखर, मूठभर गहूं, आणि थोडें यीस्ट. हें सर्व आंत घालून तोंडास स्वच्छ फडकें बांधावयाचें, आणि वर झांकण ठेवावयाचें तें सैल. मग एकवीस दिवस. रोज एकदां लांकडी पळीनें ढवळावयाचें, लोखंड लावावयाचें नाहीं. मावशी तर एकाच दिशेनें ढवळी. उलट ढवळलें तर रस रागावतो, असें ती म्हणे. या रागाविषयीं शास्त्र कांहीं सांगत नाहीं. झांकण सैल ठेवण्याचें कारण मात्र शास्त्रांत स्पष्ट आहे. यीस्ट हे सूक्ष्म जीव. ते साखर खातात आणि तिचें मद्यार्क व कार्बनी वायूंत रूपांतर करितात. हें जिवंत जिवांचें काम आहे असें लुई पाश्चर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें. वायु कोंडला तर बरणी फुटते. उलट, काम संपल्यावर हवा लागूं दिली तर दुसरेच जंतु शिरतात आणि रसाचा सिरका होतो. म्हणजे आधीं झांकण सैल हवें आणि मग घट्ट हवें, आणि तो क्षण कोणता हें नाकानें ओळखावयाचें. एकविसाव्या दिवशीं मलमलींतून गाळून, रंगासाठीं थोडी जाळलेली साखर घालून, बाटल्या भरल्या जात. आल्याची, जांभळाची, बीटाचीसुद्धां अशीच करीत.

आणि पितां किती येई? माझ्या आठवणींत काचेचे पेले होते ते अंगठ्याएवढे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर एक. पाहुणा आला तर त्याच्याबरोबर एक. बाळाच्या बाप्तिस्म्यास, लग्नास. बाकीचें वर्ष बरणी रिकामी. आम्हां मुलांना बोट बुडवून चाटण्यापुरती परवानगी होती. चार बाटल्यांत जेथें सारें वर्ष काढावयाचें तेथें कोणी पिऊन पडत नसे.

सफरींत एका मुलीनें विचारलें, हा घरचा रस वेदीवर चालतो का? प्रश्न चांगला होता. धर्मसभेच्या कायद्याप्रमाणें मिस्सेचा द्राक्षारस हा द्राक्षवेलीच्या फळाचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे. जांभळाचा, आल्याचा रस कितीहि शुद्ध असला तरी चालणार नाहीं. मनुकांच्या रसाविषयीं पूर्वीं रोमला प्रश्न गेले होते. रंगानें व चवीनें तो खरा द्राक्षारस ठरत असेल तर चालेल, असें उत्तर आलें. परंतु साखर व गहूं घातलेला मावशीचा रस या कसोटीस उतरला नसता, आणि सिरका झालेला कोणताच उतरत नाहीं. मावशीस हें पक्कें ठाऊक होतें. तिच्या घरांत वेदीचा रस आणि टेबलाचा रस हे दोन वेगळे शब्द होते.

वाडीच्या मध्यावर एक लहानसें प्रार्थनास्थान व क्रूस आहे, १८९९ सालचें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. ठिकठिकाणच्या ख्रिस्ती वस्त्यांत अशा क्रूसांजवळ लोक संध्याकाळीं जमून प्रार्थना करीत. तेथें आम्हीं रोझरीची एक दशक म्हटली. वाडींतील एक वृद्ध गृहस्थ ओसरीवरून उठून सामील झाले. अशा सफरी तेथें वारंवार येतात, कॅमेरे घेऊन लोक दारांत डोकावतात. रहिवाशांना त्याचा कंटाळा येणें साहजिक आहे. म्हणून मीं आपल्या मंडळींना आधींच बजावलें होतें कीं, कोणाच्या खिडकींत पाहावयाचें नाहीं. पूर्वीं येथें अशीं पासष्ट घरें होतीं असें सांगतात. आज तीसहि नाहींत. गोमंतकी माशांच्या जेवणासाठीं सारी मुंबई जेथें रांग लावी तें अनंताश्रमहि बंद झालें आहे. उंच इमारतींच्या सांवल्या दुपारीं दोन वाजतांच अंगणांत उतरतात.

आतां या सफरीचा कडू भाग. तो मीं तेथें ओसरीसमोर उभें राहून सांगितला नाहीं. येथें सांगतों.

सरकारचें लक्ष या रसांकडे गेलें तें वसुलीसाठीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें माडावर कर, विक्रीवर परवाना, आणि गाळण्यावर मक्ता अशी घडी बसविली. आपल्या ठाणें जिल्ह्यावर तर १८९२ सालीं मोहाचा कायदा आला: ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाचीं फुलें परवान्यावांचून बाळगणेंसुद्धां गुन्हा ठरला. या डोंगरांतील ठाकूर-कातकऱ्यांना तीं फुलें टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणून लागत, हें आपल्यांतील जुन्या माणसांना ठाऊक आहे. रानांतलीं फुलें बंद झालीं; उरणच्या भट्ट्यांतील सरकारमान्य दारू मात्र दुकानांत मिळत राहिली. जी वस्तु घरांत ऋतूप्रमाणें येत-जात असे, ती आतां बाराहि महिने पैसे टाकून मिळूं लागली. माझ्या मतें मोठें वळण हेंच. दारूबंदी मागाहून आली.

ती आली १ ऑगस्ट १९३९ रोजीं, प्रथम मुंबई शहरांत, डॉ. गिल्डर मंत्री असतांना. त्याच वर्षीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि ती मोडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा झाला आणि १९५० पासून प्रांतभर पूर्ण दारूबंदी सुरू झाली. वेदीवरील द्राक्षारसासाठीं कायद्यांत सोय होती. टेबलावरच्या रसासाठीं नव्हती. हेतु वाईट होता असें मी म्हणणार नाहीं. ज्या बायकांचे नवरे पगाराच्या दिवशीं रिकाम्या खिशानें घरीं येत त्यांनीं दारूबंदीला हात जोडले असतील. परंतु मावशीची बरणी आणि गुत्तेवाल्याचें पिंप या दोहोंत कायद्यानें फरक केला नाहीं.

माझें बालपण त्या काळांतलें. नाताळांत बरणी जिन्याखालीं, कोळशाच्या पोत्यामागें जाई. मला शिकविलें होतें कीं, कोणी विचारलें तर लोणचें म्हणावयाचें. एकदां खरोखरच एका खाकीवाल्यानें विचारलें, आणि मीं लोणचें म्हटलें. पहिल्या कम्युनियनपूर्वीं मीं हें पाप कबूल केलें तेव्हां फादरांनीं तीन नमो मारिया दिल्या, आणि कसलें लोणचें, असेंहि विचारलें.

तें हंसण्यासारखें होतें, पुढचें नाहीं. मावशीच्या ओळखीची एक विधवा होती. नवरा गिरणींत होता, तो गेला. पदरांत चार मुलें. एका माणसानें तिच्या स्वयंपाकघरांत दोन डबे ठेवूं देण्याबद्दल महिन्याचे पैसे देऊं केले. वर्षभरांत ती स्वतःच पेले भरूं लागली. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत अशा स्त्रिया पुष्कळ झाल्या. सारें शहर त्यांना 'आंटी' म्हणे. रविवारीं देवळांत त्या मागच्या बांकावर बसत. त्यांच्या डब्यांत द्राक्ष नव्हतें, मनुका नव्हत्या. रात्रींतून कोठेंतरी गाळलेला गूळ, नवसागर, आणि पुढें पुढें याहूनहि वाईट. या विधवेच्या मुलांच्या फिया त्या पैशांतून भरल्या गेल्या. तिला दोनदां पकडून नेलें. ती पापी होती कीं आणखी कोणी, हें मी आजवर ठरवूं शकलों नाहीं. सिनेमांतला ख्रिस्ती माणूस नेहमीं हातांत बाटली घेऊन कां झोकांड्या खातो, असें आपलीं मुलें विचारतात. त्याच्या मुळाशीं हे डबेहि आहेत.

बेकायदा दारूचें विष कसें चढतें हेंहि सांगून ठेवतों. कारखान्यांत वापरावयाचा मिथाइल मद्यार्क तींत मिसळला म्हणजे दृष्टि जाते, नंतर प्राण. २०१५ सालीं मालाडच्या मालवणींत शंभरांहून अधिक माणसें अशीं मेलीं. घरच्या यीस्टच्या बरणींतून हें विष घातक प्रमाणांत होत नाहीं. तें भेसळीनें येतें.

दारूबंदी पुढें सैल झाली, परंतु १९४९ चा कायदा 'महाराष्ट्र' नांवानें आजहि आहे. परवान्यावांचून घरीं रस करणें हा आजहि गुन्हाच आहे, आणि मीं कृति सांगितली म्हणून कोणी उद्यां बरण्या धुऊं लागूं नये. उलट २००१ सालीं सरकारनेंच द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांसाठीं धोरण जाहीर केलें, आणि कल्याणहून कसारा घाट चढून पलीकडे गेलें कीं नाशिकच्या बाजूस मळेच्या मळे वाइनसाठीं उभे आहेत. तेथें शहरांतील माणसें पैसे देऊन मळे फिरतात, पेले हुंगतात. त्यांच्यावर माझा राग नाहीं. मात्र या नव्या सफरींत मावशीचें नांव कोठेंहि येत नाहीं, एवढें मनांत आलें.

आतां पायरीवरच्या त्या भगिनीकडे येतों. ताई, तुमच्या घरांत जी आहे ती या बरणीची लेक नव्हे. ती दुकानांतून येते, तिला नाताळ माहीत नाहीं आणि ईस्टर माहीत नाहीं. तरीहि मला हें कबूल केलें पाहिजे कीं, दोन्हींतील मद्यार्क एकच आहे, आणि ज्याला तो सोसत नाहीं त्याला अंगठ्याएवढा पेलाहि फार झाला. माझ्या मावशीच्याच घरीं माझा एक मामा होता. त्याला त्या पेल्यापासूनहि दूर ठेवीत. नाताळांत तो कोकमाचें सरबत घेई आणि सर्वांबरोबर पेला उंचावी. त्याची कोणी थट्टा केली तर मावशी त्याला जेवणावरून उठवी. हें मी सफरींत सांगावयास विसरलों, आणि खरें पाहतां सर्वांत आधीं हेंच सांगावयास हवें होतें.

ज्युबिलीच्या जेवणांत काय ठेवावें याविषयीं समितींत मतभेद आहेत, हें सर्वांना ठाऊक आहे. माझें मत विचाराल तर कोकमाचें सरबत ठेवावें. आपल्या पॅरिशमध्यें सोडण्याचा प्रयत्न करणारीं माणसें आहेत. त्यांना त्या दिवशीं दाराबाहेर उभें राहण्याची पाळी येऊं नये.

निघण्यापूर्वीं वाडींतील एका वृद्ध बाईनें आम्हांला आंत बोलाविलें. मावशीस ती ओळखत होती. तिच्या घराचा सौदा ठरला आहे. मुलें परदेशीं आहेत. सामान कमी करावयाचें आहे. पलंगाखालून तिनें एक बरणी ओढून काढली आणि म्हणाली, "हींत आतां कोणी कांहीं घालणार नाहीं. देवळाला घेऊन जा." आपल्या दोन तरुणांनीं ती चर्नीरोडपासून बदलापूरपर्यंत आळीपाळीनें मांडीवर घेऊन आणली, दादरच्या जिन्यावर तर लोकांनीं आपण होऊन वाट दिली.

ती येथें मेजावर ठेवली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनीं पाहावी. उचलतांना दोन्ही हात लावा, आणि झांकण निराळें धरा. तें सैल आहे.